मुमूट

९ नोव्हेंबर

दादा,

तू आहेस. कुठे आहेस, कसा आहेस, डोक्यावर केस उरलेत की गेले, काही ठाऊक नाही, पण आहेस एवढं नक्की. काल दुपारी साडेतीनला मला ते कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. नऊ वर्षं तो कुठे लोंबकळत होता कोण जाणे.

तुझा फोन बंद. तुला पाठवलेलं पत्र 'या पत्त्यावर राहत नाही' असा शिक्का मिरवत परत आलं. तुझ्या जुन्या घरमालकाने तर मलाच विचारलं, "कोण हे?" माणूस असा नाहीसा झाला की मागे राहिलेल्यांनी काय समजायचं? मी वाईटच समजत होते. रोज नाही, पण दर आठ-पंधरा दिवसांनी एकदा तरी.

आता हे कळलं कसं ते सांगते. नमनाला घडाभर तेल जाईल, पण ऐकून घे.

मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. मालक म्हातारे झालेत, काउंटर मी बघते, काचाही मीच बसवते. उन्हाळ्यात व्हायोलिन शिकवणारे एक मास्तर आले. त्यांची तक्रार अशी की वाचायच्या चष्म्यातून पुस्तक दिसतं, लांबच्या चष्म्यातून बस दिसते, पण स्टँडवरचा वाजवायचा कागद कशातूनच दिसत नाही. तीन दुकानांनी त्यांना "वय झालं" म्हणून परत पाठवलं होतं. मी त्यांना म्हटलं, उद्या व्हायोलिन घेऊन या. दुसऱ्या दिवशी भर दुकानात त्यांना वाजवायला उभं केलं आणि टेपने डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजलं. सत्तर सेंटिमीटर. बरोबर त्या अंतराचा चष्मा करून दिला. मास्तरांनी तो घातला, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अहो, म्हणजे इथे मी चार वर्षं चुकीचा सूर वाजवतोय!"

त्या आनंदात त्यांनी मला बोलावलं. आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सहाला कार्यक्रम असतो. चाळीस खुर्च्या, पडद्यामागे वर्तमानपत्रांचे गठ्ठे. वाजवणारे-गाणारे सगळे गावातलेच. दंतवैद्य क्लॅरिनेट वाजवतात. पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ बासरी वाजवतात आणि दम लागला की आपल्याकडे बघून असे हसतात की जणू तो दम गाण्यातच होता. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे तुला माहीत आहे. मी पहिल्यांदा भिडेखातर गेले. दुसऱ्यांदा आपली आपणच गेले. घरी कुलूप उघडून आत शिरलं की बोलायला कुणी नसतं. तिथे बोलायचंच नसतं, त्यामुळे ते टोचत नाही.

गेल्या महिन्यात मला उशीर झाला आणि लंगडी खुर्ची वाट्याला आली. जरा हललं की टक्. मास्तरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. बाहेर जिन्याशी एका टेबलावर वाचनालयाने काढून टाकलेली पुस्तकं ठेवली होती, 'घेऊन जा' अशी पाटी लावून. मी जाडी बघून एक कादंबरी उचलली आणि खुर्चीच्या पायाखाली सरकवली. अगदी बेतानं बसली. कार्यक्रम संपल्यावर ग्रंथपाल बाई समोर उभ्या. म्हणाल्या, "आता घरीच घेऊन जा ती. खुर्चीने वाचलीय, तुम्हीही वाचा."

म्हणून वाचली. दुकानात, जेवणाच्या सुट्टीत. पान एक्क्याण्णव. नवरा आपल्या बढतीची हकिगत पाहुण्यांना तिसऱ्यांदा सांगतोय, आणि पुढचं वाक्य असं: 'ती मुमूट बसून राहिली.'

दादा, मी डबा बंद केला. ते वाक्य चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग काउंटरवरचं भिंग घेऊन वाचलं. मुमूटच.

तू विसरला नाहीस हे तर छापूनच आलंय, तरी मला सांगू दे. शेजारच्या काकूंचं गाणं होतं. मी सहा वर्षांची, तू दहा. काकूंनी सूर वर नेला आणि त्यांच्या मांजराने पलंगाखालून तोच सूर लावला. तू मला कोपर मारलंस. बाबांना 'निमूट बसा' म्हणायचं होतं आणि 'मुकाट्याने बसा'ही म्हणायचं होतं, आणि रागारागात दोन्ही एकदम बाहेर आलं: "मुमूट बसा!" पुढची पंधरा मिनिटं आपण तिघेही तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. त्या दिवसापासून आतून हसू फुटत असताना वरून गप्प बसणं म्हणजे मुमूट. मी तर तो खरा शब्द समजून सातवीच्या निबंधात लिहिला होता. बाईंनी लाल गोल काढून 'असा शब्द नाही' लिहिलं, तर वर वादही घातला.

असा शब्द नाही, दादा. जगात तो फक्त आपल्या घरात होता. बाबा गेले. मी काही कादंबऱ्या लिहीत नाही. उरलं कोण?

मलपृष्ठावर लेखिकेचा फोटो आहे. ऐंशीच्या घरातल्या बाई, म्हणजे तू नव्हेस. पण तिच्या हातापाशी कुठेतरी तू आहेस. मी धावत वाचनालयात गेले आणि तिचं सगळ्यात नवं पुस्तक मागितलं. गेल्या वर्षी छापलेलं. पान चौदावरच सापडलं. गेल्या वर्षी तू होतास!

पत्ता नाही, म्हणून प्रकाशकांकडे पाठवतेय. पाकिटावर लिहिलंय: 'लेखिकाबाईंकडे जो कोणी मुमूट हा शब्द लिहितो, त्यास.' हसतील लोक. हसू देत.

तुझी,
धाकटी

३० नोव्हेंबर

दादा,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कुणीतरी ठेवून घेतलंय. आधीच्या पत्रापेक्षा ही प्रगतीच आहे.

या काळात मी बाईंची सातही पुस्तकं वाचून काढली. शाळेनंतर मी एवढं कधी वाचलं नव्हतं. ग्रंथपाल बाई आता मला बघून खुर्ची पुढे करतात, न डुगडुगणारी. त्यांना मी शोधाचं सगळं सांगितलं. त्यांनी कागद घेतला आणि आम्ही दोघी टेबलाशी बसलो, एक-एक पुस्तक घेऊन. पहिल्या चार पुस्तकांत माणसं निमूट बसतात. पाचव्यापासून मुमूट बसायला लागतात. पाचवं निघालं सात वर्षांपूर्वी. म्हणजे तू तेव्हापासून तिथे आहेस. बाईंना लिहायला-टंकायला माणूस हवा असणार आणि कोर्टात तुझ्याइतकं भराभर टिपून घेणारं दुसरं कोण होतं? ती कायमची नोकरी सोडलीस म्हणून बाबा तुझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. बघ, त्याच कामावर पोट भरतोयस. त्यांना सांगायला हवं होतं.

बाई चांगलं लिहितात, पण त्यांच्या कादंबरीत कुणाचाही चहा पूर्ण पिऊन होत नाही. कप तोंडाला लागला की दारात कुणीतरी वाईट बातमी घेऊन हजर. त्या प्रत्यक्षात तुला तरी चहा सुखाने पिऊ देतात का? आणि कुणाचे आभारसुद्धा मानत नाहीत. सात पुस्तकं झाली, एक ओळ नाही. त्यामुळेच तर तुझं नाव सापडलं नाही आणि शब्दावरून माग काढावा लागला.

मला त्यांची माणसं आवडतात. चुका करतात आणि लगेच कबूल करत नाहीत. वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बाबांच्या आजारपणातलं तू मनात धरून बसला असशील. त्या दिवशी फोनवर मी तुला जे सांगितलं, ते त्या धावपळीत सांगितलं. दवाखान्यात खालच्या मजल्यावर औषधं, तिसऱ्या मजल्यावर बाबा, लिफ्ट बंद. माणूस काहीतरी बोलून जातो. त्याचा एवढा विचार करू नये.

परवा कार्यक्रम आहे. दंतवैद्यांची क्लॅरिनेट. तुला यायचं असतं तर खुर्ची धरून ठेवली असती.

धाकटी

१५ डिसेंबर

दादा,

बाईंची चिठ्ठी आली. तुझी नव्हे, बाईंची. तुला बहुधा त्यांनी सांगितलेलं नाही, तेव्हा मी उतरवून देते:

'बाई, माझं टपाल माझा लेखनिक मला वाचून दाखवतो. तुमची दोन पत्रं त्याने खिशात घातली. असं त्याने कधी केलेलं नाही. पाकिटावर काय लिहिलं होतं ते प्रकाशकांच्या माणसाने मला फोनवर हसत हसत सांगितलं, म्हणून कळलं. पहिलं पत्र आलं त्या दिवशी त्याने माझ्या चहात मीठ घातलं. तो ठणठणीत आहे. टक्कल पडलंय, चमकतं तेवढं मला अजून दिसतं. तुम्ही त्याला लिहा. त्याला वाट बघायची वाईट खोड आहे. शब्द मात्र परत मिळणार नाही.'

चिठ्ठी वाचून मी दुकानात मोठ्याने हसले. मालक म्हणाले, "काय गं, लॉटरी लागली?" म्हटलं, "भाऊ लागला."

बाईंची अक्षरं बोटभर उंच आहेत. ओळी उजवीकडे घसरतात आणि दोन ठिकाणी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. त्यांना कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही, हो ना? जाड शाईच्या रेघांचा कागद दे त्यांना, आणि दिवा समोरून नको, डाव्या खांद्यामागून हवा. दिव्याचं भिंग मी पाठवते. आभार मानू नका म्हणावं, सवय मोडायची.

आता माझं.

या महिन्याच्या कार्यक्रमात दंतवैद्य वाजवत होते. कठीण जागा आली आणि ते घसरले. तसेच पुढे रेटतील असं वाटलं, कारण आम्हा अडाण्यांना काय कळणार होतं? पण ते थांबले. क्लॅरिनेट खाली घेतली, म्हणाले, "चुकलो. पुन्हा पहिल्यापासून घेतो," आणि घेतलं. कुणी हसलं नाही. एकाने तर टाळी वाजवली. मी तिथे चाळीस माणसांत बसून रडले, आणि शेजारच्या बाईंना वाटलं मला संगीत कळतं.

तेव्हा मीही पहिल्यापासून घेते. ते धावपळीत बोलून गेले वगैरे लिहिलं, ते खोटं आहे. मी ठरवून बोलले होते.

त्या रविवारी तू फोन केलास आणि विचारलंस, "येऊ का?" मी म्हणाले, "नको. तुझं नाव काढलं तरी बाबांना त्रास होतो. त्यांना तुला भेटायचं नाहीये." दादा, ते तुझं नाव रोज काढत होते. सकाळी तोंड पुसलं की पहिला प्रश्न, "तो येतोय का?" दोन वर्षं मी त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं. चादरी बदलल्या. सुट्ट्या संपल्या म्हणून बिनपगारी राहिले. आणि रोज सकाळी प्रश्न तुझा. मला दिसत होतं पुढे काय होणार ते. तू येशील, पलंगाशी बसशील, त्यांचा हात धरशील, आणि दोन वर्षांत माझ्यासाठी न उजळलेला चेहरा तुझ्यासाठी उजळेल. ते मला सहन होणार नव्हतं. म्हणून मी तुला येऊ दिलं नाही. एवढंच. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

अजून एक आहे, आणि ते जास्त वाईट. सोमवारी सकाळी मी त्यांचं तोंड पुसलं आणि प्रश्न येईल म्हणून थांबले. आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी ते गेले. त्यांनी तुझी आशा सोडली आणि ती मी सोडायला लावली, हे मी नऊ वर्षं छातीवर घेऊन फिरतेय. कुणालाच सांगितलेलं नाही.

ते गेल्यावर तू आलास तेव्हा दारात मी तुला चहा विचारला. सांगायचं होतं ते हे. निघाला चहा.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते तुझं तू बघ. मी फक्त खोटं परत घेतेय.

धाकटी

८ जानेवारी

दादा,

तुझं पत्र शनिवारी सकाळी अकराला आलं. समोर गिऱ्हाईक होतं, एक आजोबा, नव्या चष्म्याची काडी कानामागे टोचते म्हणून आलेले. मी म्हटलं, "आजोबा, दोन मिनिटं बसा, घरचं पत्र आहे." ते म्हणाले, "वाचा वाचा, कान काही पळून जात नाहीत." ते पाऊण तास बसले. शेवटी त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

टंकलेलं पत्र पाठवशील असं वाटलं होतं. हाताने लिहिलंस. पाच पानं, कुठेही खाडाखोड नाही. तू ती आधी कच्ची लिहून काढलीस, मी ओळखते तुला.

तो शब्द पुस्तकात कसा गेला ते वाचून मजा वाटली. बाई 'निमूट' सांगत होत्या आणि तुझ्या बोटांनी न विचारता 'मुमूट' टंकलं. तपासायच्या कागदांवर त्याला लाल गोल आला, तेव्हा बाईंनी तुला अर्थ विचारला. मग म्हणाल्या, "निमूट बसणाऱ्या बायका मी चार पुस्तकांत लिहिल्या. त्या आतून हसत असतात, हे सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता. राहू दे." सातवीच्या बाईंना कळवायला हवं. पण खरं सांगू, तो सगळा भाग मी दुसऱ्या वाचनात वाचला. पहिल्या वेळी माझी नजर तिसऱ्या पानावर जाऊन अडकली ती तिथेच.

मी ते इथे माझ्या अक्षरात पुन्हा लिहितेय. तुझ्यासाठी नव्हे, माझा माझ्यावर विश्वास बसावा म्हणून.

तू लिहितोस, सोमवारी पहाटे मी औषधं आणायला खाली गेले होते तेव्हा बाबांनी वॉर्डातल्या नर्सबाईंचा फोन मागून घेतला आणि तुला लावला. नंबर त्यांना पाठ होता. दोन वर्षं न बोलणाऱ्या माणसाला नंबर पाठ होता! आणि पहिलंच वाक्य, "काल ती तुला येऊ नको म्हणाली ना? मी ऐकलं सगळं. पडद्याच्या अलीकडेच होतो, अजून मेलेलो नाही."

त्यांना माहीत होतं, दादा. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तोंड पुसत होते, ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना माहीत होतं.

आणि पुढे त्यांनी तुला सांगितलं, "तू येऊ नकोस. तू आलास की मी तुझ्याकडेच बघत बसेन, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. तिला ते दिसेल. दोन वर्षं पोरीने माझं सगळं काढलंय. हे चार दिवस तिचे आहेत, तिलाच राहू देत. तिच्यावर रागावू नकोस. ती दमलीय."

म्हणजे त्यांनी आशा सोडली नव्हती. त्यांचं तुझ्याशी बोलणं झालं होतं, म्हणून विचारत नव्हते. मी नऊ वर्षं ज्या शांततेला घाबरत होते, ती समाधानाची होती. ते तीन दिवस ते माझ्याकडे फार बघायचे. मला वाटायचं, दोष देतायत. आता आठवलं की मंगळवारी त्यांनी माझा हात धरून 'नखं कापायला वेळ मिळत नाही का' असं विचारलं होतं. मी चिडले होते. माझ्यासाठी चेहरा उजळत नाही म्हणत होते, आणि माझी नखंसुद्धा त्यांना दिसत होती.

तू रागावलास, ते बरोबर केलंस. आमच्या दोघांवर रागावलास, तेही बरोबर. एकीने खोटं सांगून अडवलं आणि दुसऱ्याने खरं सांगून अडवलं, मधल्यामध्ये तुझं काय? तू लिहितोस, 'तू आपणहून सांगशील म्हणून मी थांबलो. पहिलं वर्ष रागाने थांबलो. मग थांबायची सवय लागली, आणि मग लाज वाटायला लागली की इतके दिवस का थांबलो.' बाईंनी तुला बरोबर ओळखलंय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं बाबा आपल्या दोघांना एकाच दमात म्हणायचे. कुणाचा पीळ जास्त, ते बघायला ते राहिले नाहीत, हे बरंच झालं.

मला हलकं वाटतंय, दादा. इतकं, की काल मी एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा चष्मा दिला आणि त्या म्हणाल्या, "छान दिसतंय हो यातून." बाईंनी मग तोच नेला.

तुम्ही राहता तिथेही रविवारी गाण्याचा कार्यक्रम असतो आणि लेखिकाबाई पहिल्या रांगेत बसून मोठ्याने चुका काढतात, असं तू लिहितोस. मला बघायचंय ते. मालकांना आज सांगून टाकलं. म्हणाले, "नऊ वर्षांत तू पहिल्यांदा सुट्टी मागतेयस, मी नाही म्हणू?" येत्या शनिवारी निघते, रविवारी सकाळी पोचते. स्टेशनवर ये. टक्कल बघून घाबरणार नाही.

फोनवर बाबा अकरा मिनिटं बोलले, असं तू लिहिलंस. तू पत्रात लिहिलेलं मी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिलं. जेमतेम दोन मिनिटांचं होतं. उरलेली नऊ मिनिटं ते काय बोलले ते मला हवंय. खोकले असतील तर तेही सांग. सगळं सांग, दादा. दिवसभर लागला तरी मी बसेन.

तुझी,
धाकटी